शेठचं विमान आणि आमचे बाबा

किस्से साठतात कसे, ते मला विचारा. माणूस कामात असला की त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. ताटकळायला लागला की साठतात. आणि ताटकळण्यात माझा हात धरणारा माणूस डहाणूपासून थेट मुंबईपर्यंत सापडायचा नाही. हवेत घालवलेलं प्रत्येक मिनिट मी लॉगबुकात लिहिते. इंजिन चालू ठेवून जमिनीवर घालवलेली मिनिटं लिहायला त्यात रकाना नाही, नाहीतर आतापर्यंत दुसरं लॉगबुक घ्यावं लागलं असतं.

मी विमान चालवते. हळदीकुंकवाला हे सांगितलं की बायका विचारतात, "अगंबाई, म्हणजे तू चहा देतेस का आत?" तर चहा देत नाही, आणि तेवढं मोठं विमानही नाही. एक इंजिन, पुढे एक पंखा, चार सीटा. विमान आमच्या जयंतीशेठचं. शेठचा बोईसरला प्लॅस्टिकच्या ड्रमांचा कारखाना, दुसरा भावनगरला. विमान ठेवतात जुहूला. त्याची देखभाल सफाळ्याचे राऊतकाका करतात, आणि त्यांच्या मते विमान आजारी पडतं ते फक्त आम्हा दोघांमुळे, म्हणजे शेठमुळे आणि माझ्यामुळे.

या गोष्टीतले चौथे माझे बाबा. त्यांचा विमानाशी खरं तर काही संबंध नाही. चिंचणीचे आम्ही, बाबा चाळीस वर्षं समुद्रावर होते, त्यातली पंचवीस तांडेल म्हणून. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. मला लायसन्स मिळालं त्या दिवशी मी त्यांना म्हटलं होतं, "बाबा, तुम्हाला वरून समुद्र दाखवते." या गोष्टीला सात वर्षं झाली.

गेल्या दिवाळीत शेठनी जाहीर केलं, पावसाळ्याच्या आधी विमान विकणार. मी कारण विचारलं. शेठ म्हणाले, "मॅडम, हे विमान मी वेळ वाचवायला घेतलं होतं." एवढंच बोलले आणि माझ्याकडे बघत राहिले. मला नोकरी दुसरीकडे मिळाली असती, त्याची चिंता नव्हती. पण दुसऱ्या कुणाच्या विमानात माझ्या बापाला कोण बसवून घेणार? मी भीत भीत विचारलं. शेठ भला माणूस. म्हणाले, "विकायच्या आधी बसवा त्यांना. मी कुठे नाही म्हणतो?"

शेठ नाहीच म्हणत नव्हते. नाही म्हणणारे बाकी सगळे होते.

*

आधी शेठचं दुःख सांगते, म्हणजे त्यांना दोष देणार नाही तुम्ही.

बोईसरला धावपट्टी नाही. पालघरलाही नाही. त्यामुळे शेठना सुरतेला जायचं असलं की ते सकाळी उमरोळीच्या बंगल्यातून गाडीने निघतात, ते दक्षिणेला, जुहूकडे. महामार्गावर दोन-अडीच तास. जुहूला पोचून माझ्याबरोबर विमानात बसतात. मग आम्ही उत्तरेला निघतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत बरोबर त्यांच्या बंगल्यावर येतो.

एकदा जुहूला परवानगीसाठी पाऊण तास बसलो होतो. वर गेलो तेव्हा शेठ खिडकीतून खाली बघत होते. उमरोळी स्टेशन आलं, भातखाचरं आली, निळ्या पत्र्याचा बंगला आला. शेठ शांतपणे म्हणाले, "मॅडम, ते माझं घर. चार तासांपूर्वी मी तिथेच होतो."

त्याच दिवशी त्यांचा सेल्समन बोईसरहून गाडी पकडून सुरतेला गेला होता. आम्ही उतरल्यावर शेठनी त्याला फोन लावला तर तो म्हणाला, "सर, मीटिंग झाली. तुमच्यासाठी जेवायला थांबलोय."

संध्याकाळी बंगल्यावर शेठाणींनी विचारलं, "अकरा वाजता डोक्यावरून विमान गेलं, ते तुमचं होतं का? मला वाटलं तुम्ही परत आलात."

*

बाबांना पहिल्यांदा नेलं ते नाताळच्या सुट्टीत. पांढराशुभ्र शर्ट, नवी टोपी, आयने दिलेला डबा. माझ्या शेजारच्या सीटवर बसवलं, पट्टा बांधला, कानाला हेडफोन लावला. राऊतकाकांनी बाहेरून अंगठा दाखवला. इंजिन चालू केलं आणि निघण्याची परवानगी मागितली.

टॉवरकडून उत्तर आलं, "स्टँडबाय."

आता हा शब्द तुम्हाला समजावून सांगते. त्याचा अर्थ थांबा. किती वेळ, ते त्यात नसतं. जुहूच्या शेजारीच मोठा विमानतळ, तिथून दर मिनिटा-दोन मिनिटांनी एक धूड उठतं आणि समुद्राकडे जातं. त्या धुडांच्या मधे एखादी फट मिळाली तर आम्ही निघायचं. दोनशे माणसं घेऊन जाणाऱ्याला थांबवून कुणी चार सीटांवाल्याला सोडणार नाही, हे मला पटतं. फक्त दररोज पटवून घ्यावं लागतं.

बाबांनी विचारलं, "थांबा म्हटलं तर नांगर टाकायचा. इंजिन कशाला चालू ठेवतेस?"

मी म्हटलं, "केव्हाही सोडतील, बाबा. तयार राहावं लागतं."

पंचेचाळीस मिनिटं तयार राहिलो. समोरून एकामागून एक विमानं जात होती. बाबांनी ती बोटांवर मोजली, मग बोटं संपली म्हणून पेरांवर मोजली. शेवटी इंजिन इतकं तापलं की राऊतकाका लांबून गळ्यावरून हात फिरवून दाखवायला लागले. मी इंजिन बंद केलं. रडायचीच बाकी होते.

बाबांनी पट्टा सोडला, टोपी नीट केली आणि खाली उतरून राऊतकाकांना म्हणाले, "चांगलं हाय विमान. अजिबात पोटात ढवळलं नाय."

*

निघायला परवानगी एकच लागत असती तर मी हा किस्सा सांगितलाही नसता. आधी एका ठिकाणी फ्लाइट प्लॅन द्यायचा. तिथून एक नंबर मिळतो. तो घेऊन दुसरीकडून आणखी एक नंबर घ्यायचा. दोन्ही नंबर टॉवरला सांगायचे. प्रत्येक नंबराला मुदत असते. एकाची मुदत धावत असताना दुसरा फोन एंगेज लागतो, आणि दुसरा मिळेपर्यंत पहिला शिळा होतो.

एकदा सकाळपासून हे चाललं होतं. शेठ शेजारच्या खुर्चीत बसून माझं फोनवरचं बोलणं ऐकत होते. तिसऱ्यांदा पहिला नंबर घेतला तेव्हा ते उठून फेऱ्या मारायला लागले. शेवटी दोन्ही नंबर एकाच वेळी हातात आले. मी आनंदाने टॉवरला फोन केला. त्यांनी मला सांगितलं की व्हीआयपी हालचालीमुळे दोन तास सगळं बंद.

शेठ म्हणाले, "मॅडम, व्हीआयपी कुठून निघतात तिथला नंबर घ्या ना."

याच व्हीआयपीने बाबांची दुसरी खेप खाल्ली. बाबा चिंचणीहून पहाटेच्या पहिल्या एसटीने निघून, बोईसरला गाडी बदलून नऊला जुहूला हजर. मी त्यांना सांगितलं, आकाश बंद आहे. त्यांनी वर पाहिलं, आकाश होतं तिथेच होतं.

"कोण येतंय?" त्यांनी विचारलं.

"सांगत नाहीत."

"कधी उघडेल?"

"तेही सांगत नाहीत."

बाबांनी मान हलवली. "आमच्या बंदरात एकदा मंत्री येणार होता. दीड दिवस होड्या बांधून ठेवल्या. मग आलाच नाय." आणि डबा उघडून सुक्या बोंबलाची चटणी राऊतकाकांपुढे केली. मला जेवण जात नव्हतं, ते दोघं मात्र चवीने जेवले.

*

तिसऱ्या खेपेला व्हीआयपी नव्हता, रांग नव्हती, दोन्ही नंबर ताजे होते. धुरकं होतं. आमच्यासारख्या छोट्या विमानाला डोळ्यांनी बघत जायचं असतं, त्यामुळे ठरावीक अंतरापर्यंत स्वच्छ दिसल्याशिवाय सोडत नाहीत. त्या सकाळी मला धावपट्टीचं दुसरं टोकही दिसत नव्हतं.

हवामानाची माहिती घ्यायला गेले तर बाबा माझ्यामागून आले. तिथले साहेब कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाले, "दुपारपर्यंत काही सुधारणा दिसत नाही."

बाबा दारात उभे राहून बाहेर बघत होते. म्हणाले, "अकराला वारा फिरेल. मग साफ."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "काका, हे सॅटेलाइट सांगतं."

"त्याला सांगू द्या," बाबा म्हणाले. "मी वाऱ्याचं बोलतोय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांना हाताला धरून बाहेर आणलं, उड्डाण रद्द करतोय असं कळवलं आणि इंजिनावर ताडपत्री घालायला राऊतकाकांना सांगितलं.

अकराला वारा फिरला. सव्वाअकराला वेसाव्याची मशीद दिसायला लागली, साडेअकराला समुद्र आरशासारखा. मी धावत सुटले, पण आमची वेळ तोवर दुसऱ्याला दिलेली होती. त्या दिवशी पुढची मोकळी वेळ नव्हतीच.

जाताना हवामानवाले साहेब आम्हाला दारात भेटले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाबांना विचारलं, "काका, उद्या कसं आहे?"

*

आता तुम्ही म्हणाल, चिंचणीची मुलगी, चिंचणीवरूनच का नाही जात? आय अंगणातून बघेल, बाबा ओट्यावरून बघतील, झालं.

तर तारापूरच्या अणुवीज केंद्राभोवती आमच्या नकाशावर एक वर्तुळ काढलेलं आहे. त्यात शिरायचं नाही. का, ते आमच्याकडच्या शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. आमचं गाव त्या वर्तुळाच्या आत येतं. मी भावनगर बघितलं वरून, सुरत बघितली, दमणचे दोन्ही किल्ले बघितले. माझं घर तेवढं बघितलेलं नाही. उत्तरेला जाताना दर वेळी गावाला वळसा घालते आणि दर वेळी चरफडते.

आयला हे सांगून पटत नाही. तिकडून लांब कुठून विमानाचा आवाज आला की ती अंगणात येऊन हात करते. मी फोनवर म्हटलं, "आय, ते माझं नसतं गं. मोठ्या कंपनीचं असतं, फार उंच असतं. त्यांना तू दिसत पण नाहीस."

आय म्हणाली, "नसू दे तुझं. आत कोणाची तरी पोर असेल ना?"

तेव्हापासून मी तो विषय काढत नाही.

*

शेठ एकदाच चिडले, पण त्याची किंमत मला एक पानभर द्यावी लागली.

भावनगरला मशीन बंद पडलं होतं आणि शेठना ताबडतोब जायचं होतं. आम्ही धावपट्टीच्या तोंडाशी उभे. "स्टँडबाय." पाच मिनिटांनी विचारलं, "स्टँडबाय." पंधरा मिनिटांनी विचारलं, "स्टँडबाय." मी खाली वाकून नकाशा काढत होते. तेवढ्यात शेठनी माझ्या हातापुढचं बटण दाबलं आणि अख्ख्या फ्रिक्वेन्सीवर बोलले,

"भाईसाब, मालिक बोल रहा हूँ. छोटा सा जहाज है. साइड से निकल जाएगा."

एकदम शांतता. त्या फ्रिक्वेन्सीवर मी इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. मग कुठल्या तरी हेलिकॉप्टरच्या पायलटचा आवाज आला, "जाने दो ना सर, मालिक है."

आम्हाला आणखी वीस मिनिटं ठेवलं. दुसऱ्या दिवशी मला लेखी खुलासा द्यायचा होता. फॉर्ममध्ये "घटनेचं कारण" असा एक बोटभर रकाना. काय लिहावं ते सुचेना म्हणून मी पेन चावत बसले होते. राऊतकाका मागून वाकून बघत होते.

"शेठ लिहा," ते म्हणाले. "मावेल."

*

आकाशात थांबणं जमिनीवर थांबण्यापेक्षा वाईट. वर नांगर टाकता येत नाही, त्यामुळे थांबा म्हटलं की एकाच जागी गोल गोल फिरायचं. फेऱ्या मारायच्या आणि पेट्रोलच्या काट्याकडे बघायचं.

फेब्रुवारीत भावनगरहून परत येताना आम्हाला असंच अर्नाळ्यासमोर समुद्रावर थांबवलं. आठ फेऱ्या झाल्या, दहा झाल्या. शेठ मागच्या सीटवर वर्तमानपत्र वाचत होते. अचानक म्हणाले, "मॅडम, खाली मोर्चा आलाय."

मी बघितलं. खाली बोटी जमल्या होत्या. पाच-सहा होत्या, आणखी चार लांबून येत होत्या, त्याही जोरात. सगळ्या बरोबर आमच्या फेरीच्या मधोमध. माझ्या काही लक्षात येईना. कुणी बुडालं की काय म्हणून मी पाण्यावर शोधलं, तर काही नव्हतं. तेवढ्यात परवानगी आली आणि आम्ही निघून गेलो. मागे वळून पाहिलं तर बोटी जाळी टाकत होत्या.

सुट्टीला चिंचणीला गेले तर बाबा ओट्यावरच बसले होते. चेहरा गंभीर.

"मंगळवारी अर्नाळ्यासमोर विमान फिरत होतं. ते तूच काय?"

"हो. का?"

"पक्षी फिरतात तिथं खाली मासा असतो. विमान इतका वेळ फिरतंय म्हणजे केवढा मासा असेल! तिथल्या बोटींनी वायरलेसवरून सगळ्यांना कळवलं. आपल्या गावच्या दोन बोटी तिथवर गेल्या." बाबांनी थांबून विचारलं, "मासा होता का नाय?"

"मला काय माहीत, बाबा? मी परवानगीची वाट बघत होते."

"हाती काय लागलं म्हाइत हाय? एक फाटकी चादर." बाबा खरोखर चिडले होते. "आता बंदरावर मला तोंड दाखवायला जागा नाय. फिरायचंच असेल तर मासा बघून फिरत जा."

दुसऱ्या दिवशी एक नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, घरी आला आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाय, पुढल्या आठवड्यात कुठं फिरणार हाय तुमी?"

*

विमानाला गिऱ्हाईक मिळालं. मे महिन्यातल्या एका सोमवारी त्यांचे लोक येऊन घेऊन जाणार होते. माझ्या हातात आदला रविवार होता, तेवढाच. शनिवारी मला झोप लागली नाही. सात वर्षं मी एका माणसाला एक गोष्ट देणार म्हणून सांगत होते आणि ती गोष्ट माझ्या हातात असून मला देता येत नव्हती. माझा राग कुणावर होता ते मलाही सांगता आलं नसतं. टॉवरवर नव्हता, त्यांचं काम ते करत होते.

रविवारी बाबा आले. टोपी तीच, डबा मात्र नव्हता. म्हणाले, "डबा आणला की उडत नाय, म्हणून नाय आणला." शेठही आले. त्यांना शेवटचं एकदा बसायचं होतं. ते मागे बसले, बाबा माझ्या शेजारी. दोन्ही नंबर मिळाले. इंजिन चालू केलं, परवानगी मागितली.

लगेच सोडलं. इतक्या चटकन सोडलं की मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

जुहूचा किनारा मागे गेला, मढ गेलं, गोराई गेली. बाबा सीटच्या कडा दोन्ही हातांनी धरून ताठ बसले होते. मी त्यांना सांगितलं की गावापर्यंत जाता येणार नाही, ते वर्तुळ आहे. पण केळवं दाखवते, सातपाटीचं बंदर दाखवते, तिथून वळू. ते बरं म्हणाले. वसईची खाडी ओलांडली. अर्नाळ्याचा किल्ला डाव्या हाताला गेला. वैतरणेच्या मुखावर आलो आणि कानात आवाज आला. समोरून हेलिकॉप्टरं येत आहेत, आहात तिथेच फेऱ्या मारा.

मी तोंडातल्या तोंडात जे म्हटलं ते बाबांसमोर एरवी कधी म्हटलं नसतं. मागून शेठ म्हणाले, "आज पण?" मी उजवीकडे वळले आणि फिरायला सुरुवात केली. एक फेरी. दोन फेऱ्या. पेट्रोल भरपूर होतं, पण तासाभरात जुहूला परतायचं असं ठरवून दिलेलं होतं. इथे वीस मिनिटं गेली तर सातपाटी गेली. केळवं पण गेलं. मी घड्याळाकडे बघत होते. बाबांकडे बघायची मला हिंमत नव्हती.

तिसऱ्या फेरीला लक्षात आलं की बाबांनी सीटच्या कडा सोडल्या आहेत. ते काचेला कपाळ टेकवून खाली बघत होते. ओहोटी होती. नदीच्या मुखाशी गढूळ पाण्याखाली वाळूचे दांडे पिवळे दिसत होते. एक लांब होता, एक आखूड. तिसरा मधेच तुटून पुन्हा पुढे सुरू होत होता.

बाबा काचेवर बोट ठेवून काहीतरी पुटपुटत होते. हेडफोनमधून मला ऐकू आलं. "इथं दोन वाव पाणी... इथं सव्वा... इथून डावीकडं घ्यायचं." मग थांबले. "इथं तुटलाय. म्हणजे इथून जाता आलं असतं."

"काय, बाबा?"

"चाळीस वर्षं इथनं बोट नेली," ते म्हणाले. "दोरीला शिसं बांधून पाणी बघायचं. दोरी सांगेल तेवढंच कळायचं."

पाचव्या फेरीला टॉवरचा आवाज आला. मार्ग मोकळा आहे, उत्तरेला जा. शेठनी मागे टाळी वाजवली. मी घड्याळ बघितलं. घाई केली तर सातपाटी अजून जमत होती. मी विमान सरळ करायला घेतलं.

बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"पुढं नको. इथंच राहू."

"अहो बाबा, आत्ता कुठे सोडलंय त्यांनी! सातपाटी समोर आहे."

"सातपाटी मी बघितलीय," बाबा म्हणाले. "हे मी फक्त हातानं बघितलंय. भरती यायच्या आधी बघू दे."

मी शेठकडे वळून पाहिलं. शेठनी वर्तमानपत्र उघडलं.

मग मी बटण दाबलं आणि आमच्या विमानाचं नाव सांगून म्हटलं, उत्तरेला जायचं नाही, आहे तिथेच आणखी फेऱ्या मारायला परवानगी हवी आहे.

टॉवरने पुन्हा सांगायला सांगितलं. मी पुन्हा सांगितलं. सात वर्षांत टॉवरवरचा हा माणूस माझ्याशी इंग्रजीखेरीज एक अक्षर बोलला नव्हता. त्याने आवाज खाली आणून विचारलं,

"मॅडम, सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे, सर," मी म्हटलं. "वडील खाली बघतायत."